बोडीची खुंटी

वरठी स्टेशनवर गाडी येईपर्यंत बाबा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. एकोडीहून साकोली, साकोलीहून भंडाऱ्यापर्यंत एसटी, तिथून ऑटो. एवढ्या वाटेत ते कंडक्टरशी बोलले, ऑटोवाल्याशी बोलले, शेजारी बसलेल्या बाईच्या कोंबडीचीही चौकशी केली. माझी नाही. त्यांच्या खांद्यावर घरच्या तांदळाची थैली होती, माझ्या हातात पत्रकांचा गठ्ठा. गाडीचं इंजिन दिसलं तेव्हा त्यांनी थैली माझ्या पायाशी ठेवली आणि रुळांकडे बघत म्हणाले, "जाय. पानी नसते तं मानूस कसा रायते, तिकडं जाऊन पाहून ये. मंग शिकवजो मले."

होळीला चार दिवस होते. चूक माझी होती, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर त्याच्याच नावाचं पत्रक काढलं असतं.

एकोडीत राहिलेल्यांनो, तुम्हाला बोडी काय ते सांगायला नको. पण माझ्यासारखं बॅग उचलून बाहेर पडलेल्यांची पोरं हे वाचतील, म्हणून सांगते. धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यांच्या, वरच्या अंगाला, तीन बाजूंनी मातीची पार घालून अडवलेलं पाणी म्हणजे बोडी. तलावाची धाकटी बहीण. ऐन पोटरीत आलेल्या धानाला पावसानं दगा दिला, की पारीतल्या नळीची लाकडी खुंटी काढायची आणि खालच्या बांध्यांना पाणी सोडायचं. आमच्या घराची अशी एक बोडी होती. पणजोबांच्या हातची. बाबांना ती सपाट करून तिथे धानाच्या दोन बांध्या काढायच्या होत्या. कॅनॉलचं पाणी येणार म्हणतात, मग बोडी कायले पाहिजे? गावातल्या आणखी चौघांनी तेच ठरवलं होतं. उन्हाळ्यात जेसीबी येणार होता.

मी कॉलेजात मोर्चे काढून, पत्रकं लिहून तयार झालेली. मला एकच काम येत होतं, ते केलं. मथळा जाड अक्षरात: "बोडी बुजवणारे गावाचे मारेकरी". खाली पाच नावं. तिसरं नाव बाबांचं. साकोलीच्या बाजारात मी स्वतः वाटली. आमच्याच नात्यातल्या एका काकानं ती बाबांना वाचून दाखवली, मोठ्यानं, पानठेल्यावर. त्या दिवसापासून बाबा घरात माझ्या ताटाकडेही बघत नव्हते. म्हणून मराठवाड्यातल्या एका संस्थेनं पाणलोटाच्या कामाला बोलावलं, तेव्हा मी कोणाला विचारलं नाही आणि मला कोणी अडवलं नाही. आईनं फक्त तांदूळ भरले.

इथे आले आणि पहिल्या आठवड्यापासून जळायला लागले. हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी गैरसमज करून घेणार नाही. आमच्याकडे चार दिवसांत जेवढा कोसळतो, तेवढा पाऊस इथे कधी कधी सगळ्या मोसमात होत नाही. आणि तरी ही माणसं! डोंगराच्या माथ्यापासून समपातळीतले चर, खाली शेतांना बांध, त्याखाली नाल्यात दगडी अडथळे, सगळं ओळीनं. दिवाळी झाली की गाव पारावर बसतं, विहिरींत काठी सोडून पाणी मोजतं आणि त्यावर रब्बीला काय पेरायचं ते ठरवतं. ऊस नाही म्हणजे नाही. नवीन बोअर नाही. ठरावावर सह्या, अंगठे. पाटलाच्या पुतण्यानं बोअरची गाडी आणली, तर बायकांनी रस्त्यात बैलगाडी आडवी लावली. पत्रक वगैरे काही काढलं नाही.

मी तिथे उभी राहून एकोडीचा हिशेब करत होते. आमच्याकडे गावागणिक तलाव, शेतागणिक बोड्या, आणि आम्ही त्यात माती लोटायला निघालो. देणाऱ्यानं नको त्यांना दिलं, असं वाटायचं. राग यायचा, आणि रागाच्या खाली निव्वळ मत्सर. हे गाव आमचं का नाही?

पहिल्या पावसाळ्यात मी त्या गावात एक पराक्रम केला. गंगाबाईचं नाव लिहिते, कारण गंगाबाया पुष्कळ आहेत; गावाचं लिहीत नाही, कारण तिनं बजावलंय, "माझी तूर पेपरात छापू नकोस." एकटी राहणारी, दोन एकर काळ्या रानाची मालकीण. तिच्या बांधाला पाणी जास्त झालं तर निघून जावं म्हणून कडेला दगडी सांडवा ठेवला होता. एका पावसानंतर मी बघते, तर पाणी सांडव्यावरून वाहून चाललेलं. धानाच्या मुलखातला माणूस वाहतं पाणी बघूच शकत नाही. आमच्याकडे बांधीत गुडघाभर पाणी उभं दिसलं की पोट भरल्यासारखं वाटतं. गंगाबाई बाजाराला गेली होती. मी फावडं घेतलं आणि सांडवा मातीनं लिंपून टाकला, बांधीचं तोंड बांधतात तसा. मग तीन दिवस झड लागली.

गंगाबाईची तूर पिवळी पडली. खालच्या निम्म्या रानातली मुळं कुजली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं एक रोप उपटलं, मुळं माझ्या नाकाशी धरली. "वास घे, भातवाले. पाणी डोळ्याला दिसाया नको. रानाच्या पोटात जाया पाहिजे. दिसतंय ते पाणी तुझ्या डोळ्याचं, पिकाचं न्हाई." नंतर आठवडाभर ती मला सगळ्यांसमोर 'भातवाली' म्हणत राहिली, आणि अजूनही म्हणते. पण त्या पावसात मी तिच्याबरोबर रानात फिरले. तीन काठ्यांचा ए-फ्रेम, मध्ये दोरीला बांधलेला दगड, त्यावर जमिनीची पातळी कशी काढायची ते तिनंच शिकवलं. संस्थेच्या ट्रेनिंगमध्ये जे मी फक्त वहीत उतरवलं होतं, ते तिथे पायांना कळलं.

इकडे हे चाललं होतं, आणि तिकडे माझ्या घरात प्रतिमा आली होती.

प्रतिमा म्हणजे माझी वहिनी. दादा वरठीच्या कारखान्यात कामाला, आठवडाभर तिकडेच खोली करून राहतो, शनिवारी मोटरसायकलनं घरी. त्याचं लग्न मी इथे आले त्याच वर्षी मे महिन्यात झालं. मी तीन दिवस गेले, मांडवात वाढलं, फोटोत उभी राहिले आणि बोडीकडे फिरकले नाही. लग्नाच्या धामधुमीत जेसीबी पुढच्या उन्हाळ्यावर गेला होता, एवढं कळलं. मरायला टेकलेल्या माणसाला भेटायला जायचं टाळतात, तसं मी केलं.

पुढचं सगळं मला फोनवर तुकड्या-तुकड्यांत कळलं.

वहिनीच्या माहेरी तलावातल्या कमळाच्या देठांची भाजी करतात. श्रावणात तिला त्या भाजीची आठवण झाली. तिनं बाबांना विचारलं, "मामाजी, आपल्या बोडीत कमळ काहून नाही जी?" बस. एवढाच प्रश्न. बाबा म्हणाले, होतं, पन बेशरमानं खाल्लं. बेशरम म्हणजे ती जांभळ्या फुलांची झुडपं, जी पाण्यात एकदा घुसली की दुसरं काही उगवू देत नाहीत. मग बाबा सांगत सुटले: पार कुणी घातली, नळी कुठून आणली, ढिवरांची माणसं कोणते मासे काढायची. आई म्हणते, दोन घंटे बोलले. माझ्याशी बाबा जन्मात दोन घंटे बोललेले नाहीत. पण मीही त्यांना कधी प्रश्न विचारला नव्हता, मी उत्तरंच छापून आणली होती.

पुढच्या उन्हाळ्यात जेसीबी आलाच नाही. बोडी आटल्यावर वहिनीनं शेजारच्या आठ-दहा बायका जमवल्या, बेशरम मुळासकट उपटलं. बाबांनी कोरड्या तळात नांगर घातला, म्हणजे उरलेली मुळं उन्हानं मरतील. गाळ वरच्या हलक्या रानात नेऊन टाकला. वहिनीनं माहेरच्या तलावातून कमळाचे कांदे आणले, लुगड्यात गुंडाळून, एसटीतून. आईनं मला व्हिडिओ कॉल केला: बाबा पारीवर बसलेले, डोक्याला दुपट्टा, हसताहेत. फोन वहिनीच्या हातात.

मी म्हणाले, नेटवर्क नाही. आणि कट केला.

जिच्यासाठी मी घर सोडलं ती बोडी वाचली होती. मला आनंद व्हायला हवा होता. मला मात्र वाटलं, माझी जागा कुणीतरी घेतली, आणि तीही एका भाजीच्या जोरावर.

त्याच वर्षी हस्त नक्षत्रात मी एकोडीला गेले. पंधरा दिवस पाऊस नव्हता, धान पोटरीत, बांध्यांना भेगा पडायला लागलेल्या. बोडी मात्र भरलेली. पांढरी कमळं. मी पारीवर उभी राहिले आणि बघवेना.

आमच्याकडे रीत आहे: बोडीचं पाणी सुटलं की आधी सगळ्यात खालच्या बांधीला जातं, मग वर वर येतं. खालची बांधी आमची नाही, परक्याची आहे. तरी पहिलं पाणी तिचं. आणि खुंटी काढायची ती घरच्या माणसानंच. लहानपणी मी हट्ट करायचे, तेव्हा बाबा म्हणायचे, "पोरीचं काम नाही ते." त्या सकाळी बाबा आईशेजारी बांधावर बसले आणि त्यांनी हाक मारली, "प्रतिमा, सोड वो पानी."

पोरीचं नव्हतं, सुनेचं होतं! मी तिथेच तोंड सोडलं. म्हणाले, वाचवली म्हणता, पण वरच्या उताराला एक बांध नाही. दर पावसाला माती वाहून आत येतेय, आणखी दहा वर्षांनी जेसीबीची गरजच पडणार नाही, आपोआप बुजेल. खरं होतं ते. पण मी ते खरं आहे म्हणून बोलले नव्हते.

बाबा शांतपणे म्हणाले, "बराबर हाय. तुह्या वयनीले सांग, थे करन."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. वहिनी पाण्याच्या कडेला उभी होती, पदर खोचलेला. म्हणाली, "मी कशी करन मामाजी? मले कुठं येते? ताईले येते. अन् ताई, थे तुमचं पत्रक हाय माह्या पेटीत. मामाजीनंच देलं होतं, वाच मनून. मले पयले वाटलं, मारेकऱ्याच्या घरी देलं का काय बापानं!"

बाबा आधी हसले. मग आई. मला हसायचं नव्हतं.

"या, खुंटी तुमी काढा," वहिनी म्हणाली. मी कपडे सावरत उतरले, चिंध्या गुंडाळलेली खुंटी दोन्ही हातांनी धरली, ओढली. हलली नाही. पुन्हा ओढली. पाणी कमरेपर्यंत, चिखलात पाय रुतलेले, वर बाबा बघताहेत. ज्या बोडीसाठी मी सगळ्या बाजाराशी भांडले, तिच्या खुंटीला मी आयुष्यात हात लावला नव्हता. वहिनी हळूच म्हणाली, "ओढू नका. आधी उजवीकडं फिरवा." फिरवली. सुटली. पाणी गेलं, खालच्या बांधीला, परक्याच्या.

दुसऱ्या दिवशी मी बांबूच्या तीन काठ्यांचा ए-फ्रेम बांधला. वहिनीनं एक पाय धरला, मी दुसरा. वरच्या उतारावर बांधासाठी पातळीची रेघ आखली, बाबा मागून चुना टाकत आले. सांडवा कुठे ठेवायचा ते मी दोनदा सांगितलं. तूर पेरायची असेल तर तो कधी बुजवू नका, हेही सांगितलं. त्यांनी कारण विचारलं, तेव्हा मी काठ्या सोडायला लागले.

परत निघताना पुन्हा वरठी, पुन्हा तांदळाची थैली. बाबा म्हणाले, "थे जे कोनी बाई हाय तुही, तिले देजो याच्यातले." मी गंगाबाईबद्दल आईशी एकदाच बोलले होते.

यंदाच्या हस्तात मी गंगाबाईच्या रानात होते. वहिनीचा फोन आला. तिनं फोन नुसता नळीपाशी धरला. पाण्याचा आवाज. मी कानाला लावून उभी राहिले, आणि पुन्हा जळायला लागले. तिथे पाणी माझ्यावाचून सुटत होतं, वेळेवर. ज्या घराशी मी भांडले ते घर आता असं आहे: माझी तिथे गरज नाही, माझी रेघ आहे. आणि ती रेघ बघायला मला दरवर्षी जावंसं वाटणार आहे. मत्सर गेला असं म्हणणारी मी नाही. तो आहे म्हणूनच पाय तिकडे वळतात.

गंगाबाईनं फोन माझ्या हातातून ओढून स्वतःच्या कानाला लावला. कपाळाला आठ्या पडल्या. "अगं भातवाले, एवढं पाणी कुठं चाललंय?"

"खालच्या बांधीला," मी म्हणाले. "आधी तिचं असतं."

ती बराच वेळ ऐकत राहिली. फोन काही परत देईना.