वडिलांची भूमिका

माझ्या मुलाचा डावा कान क्रिकेटचा चेंडू लागून गेला, असं आमच्या घरात सगळे धरून चालतात. चेंडू लागलाच नव्हता. कान मी फोडला, उजव्या हाताच्या तळव्यानं, शुक्रवार पेठेतल्या आमच्या स्वयंपाकघरात. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

तो तेव्हा नववीत होता. ट्यूशन बुडवून मैदानावर खेळतो, हे मला बाहेरून कळलं. घरी आल्यावर विचारलं, ‘‘कुठं होतास?’’ तो म्हणाला, ‘‘ट्यूशनला.’’ पहिली थप्पड खोटं बोलल्याबद्दल होती. पुढच्या कशाबद्दल होत्या ते मला सांगता येत नाही. तो ओट्याखाली शिरला. मी त्याला कॉलरला धरून बाहेर ओढलं, शर्टाची बटणं तुटून फरशीवर उडाली. शेवटची थप्पड कानावर बसली आणि तो रडायचा एकदम थांबला. कानात बोट घालून त्यानं बाहेर काढलं. बोटाला रक्त होतं. मला वाटलं, माझं नख लागलं असेल. वाटलं म्हणजे, वाटून घेतलं.

थोड्या वेळानं बायको बाजारातून आली. ‘‘काय झालं रे कानाला?’’ मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, ‘‘बॉल लागला, मम्मी.’’ मी मान हलवली. डॉक्टरांना तर मीच सांगितलं, लेदरचा बॉल होता, जोरात आला. पडदा फाटला होता. मग पू झाला, ऑपरेशन झालं, तरी ऐकू आलं नाही. बायकोनं त्याची बॅट भंगारवाल्याला देऊन टाकली. ‘‘परत मैदानावर दिसलास तर तंगडं मोडीन,’’ म्हणाली. पोरगा चांगला खेळायचा. जिल्ह्याच्या संघात घेतील, असं त्याचे सर म्हणायचे. कान मी घेतला आणि माझ्या खोट्यानं त्याचा खेळ घेतला. त्यानं चकार शब्द काढला नाही.

मी समुपदेशक आहे, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. तेव्हाही होतो. सात रस्त्याजवळच्या एका संस्थेत घरी मार खाणारी, घरातून पळालेली, मनगटावर ब्लेड ओढून घेतलेली पोरं आणि त्यांचे आईबाप माझ्यापुढं बसतात. ‘पोरावर हात उचलायचा नाही’ हे वाक्य मी इतक्यांदा बोललोय की आता ते बोलताना चहाही पिता येतो. यंत्रमागावर कामाला असलेले माझे वडील मला लूमच्या चामडी पट्ट्यानं मारायचे. ते सांगून मला इथं सूट नको आहे.

गेल्या वर्षी मी किशोरवयीन मुलं आणि त्यांच्या कुटुंबांवरच्या उपचारांच्या पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी अर्ज केला. अटी वाचताना बरं वाटत होतं. मानसशास्त्रातली किंवा समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, मुलांबरोबरच्या कामाचा अनुभव, वरिष्ठांची शिफारस. सगळं होतं माझ्याकडं. उरल्या दोन. निवडीच्या दिवशी उमेदवारांनी आपापसांत आई, बाप, मुलगा, समुपदेशक अशा भूमिका वाटून एक कुटुंब उभं करून दाखवायचं. आणि निवड झालीच, तर वर्ग सुरू होण्याआधी स्वतःच्या घरच्यांना घेऊन दुसऱ्या समुपदेशकासमोर एकदा बसायचं.

कुटुंब उभं करताना माझ्या वाट्याला बाप आला. प्रसंग दिला होता: मुलगा क्लास बुडवतो. मुलगा झाली ती मोडनिंबकडच्या शाळांतून काम करणारी एक तरुण बाई. ‘‘सर, लई ओरडू नका की,’’ ती सुरुवातीलाच म्हणाली, ‘‘मला हसू येतंय.’’

मी ओरडलो नाही. घरीही कधी ओरडून मारलं नाही. ‘‘कुठं होतास?’’ हळूच विचारलं. ‘‘क्लासला, पप्पा.’’ मी मधली खुर्ची बाजूला सारली, मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि तिच्यावर चालून गेलो. हात वर गेला. तिनं दोन्ही कान झाकले आणि खुर्चीसकट मागं कलंडली, डोकं भिंतीवर आपटलं. मी तिला शिवलोही नव्हतो. हात मात्र तसाच वर राहिला होता. समुपदेशक झालेल्या उमेदवारानं येऊन तो धरला, तेव्हा खाली आला.

मग हशा, टाळ्या. ‘‘सर, तुमी पिक्चरमध्ये जावा,’’ कुणीतरी म्हणालं. ती डोकं चोळत उठली. ‘‘मी खरंच भ्याले ओ. घड्याळ काढलं तवाच कळलं, आता मार बसणार.’’

ज्येष्ठ परीक्षक बाई हसल्या नव्हत्या. ‘‘ते घड्याळाचं कुठून सुचलं?’’

‘‘एक बाप असं करायचा,’’ मी म्हणालो. ‘‘माझ्या पाहण्यातला.’’

‘‘आणि त्याचा मुलगा?’’

‘‘बरा आहे आता. पुण्याला नोकरी करतो.’’

त्यांनी मान डोलावली. माझी निवड झाली.

आता शेवटची अट उरली. मी मुलाला पुण्याला फोन केला, सगळं समजावलं. ‘‘येतो की,’’ तो म्हणाला. ‘‘मम्मी पण असणार का तिथं?’’

‘‘हो.’’

मग त्यानं विचारलं, ‘‘त्यांनी कानाचं विचारलं तर बॉलच सांगायचं ना, पप्पा?’’

बाप म्हणून मला फोडून काढणारं ते वाक्य होतं, आणि त्याच्या आवाजात राग औषधालाही नव्हता. तो अजून माझं खोटं जपतोय, ते कसं जपायचं हेही मलाच विचारून. मी म्हणालो, ‘‘तू ये तर. बघू.’’ इतकंच.

तो येत्या रविवारी येतोय. बायकोला कानाचं अजून काही माहीत नाही. ती त्याच्यासाठी शेंगाची चटणी कुटून ठेवतेय.

गेलेला कान मला देता येणार नाही, खेळायची वर्षंही नाहीत. पण त्याच्यावर पुन्हा ‘बॉल’ म्हणायची वेळ यायच्या आत, त्याच्या आईसमोर, ‘मी मारलं’ हे मी माझ्या तोंडानं सांगायचं, एवढं मी त्याचं देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.