परत जाणारा डबा

दुष्काळाचं साल होतं आणि मी सोळा वर्षांचा होतो. यातलं मोठं संकट कोणतं असं तेव्हा कोणी विचारलं असतं, तर मी माझंच सांगितलं असतं. पाथर्डीत हायस्कूलजवळच्या एका खोलीत आम्ही दोघं राहायचो. मी तिसगावचा, माझा सोबती पार मराठवाड्याच्या शिवेवरच्या एका वाडीचा. दोघांचेही डबे सकाळी गावाकडून एस.टी.नं यायचे आणि रिकामे डबे संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. स्टँडवरची ही ने-आण तोच करायचा. मी एकदाही गेलो नाही आणि त्याचं मला काही वाटलंही नाही.

त्या वर्षी रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची. तिचीच भाकरी डब्यात यायला लागली तसं मी नाक मुरडलं. आईला अद्दल घडावी म्हणून भाकरी तशाच परत धाडू लागलो आणि मित्रांच्या खोल्यांवर जेवण उकळत फिरलो. तीन आठवडे झाले तरी घरून एका शब्दानं चौकशी नाही. आईला आपली किंमतच नाही, असं मी ठरवून टाकलं.

शेवटी रागारागानं चिठ्ठी लिहिली आणि ती डब्यात टाकायला स्वतः स्टँडवर गेलो. तर माझा सोबती भिंतीच्या आडोशाला बसून माझी भाकरी खात होता. चार लोकांदेखत मी त्याला चोर म्हणालो. त्यानं घास पाण्याबरोबर गिळला, डबा विसळला, फडक्यात बांधला आणि मग हळूच बोलला.

"भरला डबा माघारी गेला तर तुझी आई जेवायची न्हाई. मीबी धाडला हुता येकदा. माझी दोन दिस उपाशी हुती."

मिलो त्यालाही आवडत नव्हती. मला लाज वाटली, पण त्याहून जास्त त्याचा हेवा वाटला. माझ्याच वयाचा पोरगा, आणि माझ्या आईची काळजी त्यानं केली होती. चिठ्ठी मी खिशातच ठेवली. दुसऱ्या दिवसापासून डबा खाऊ लागलो आणि स्टँडवरही जाऊ लागलो.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा आई शेजारणीला कौतुकानं सांगत होती, पोरगं शहाणं झालं, पहिल्या दिवसापासून मिलो गुमान खातंय. मी मान खाली घालून ते कौतुक ऐकून घेतलं. पुढं आई वारली, तोवर खरं काही तिला सांगू शकलो नाही.