इंदूशिवायचं पंजाबी जेवण

रविवारची दुपार, वर पंखा गरगरतोय, आणि रजनीचा डोळा धड लागतही नाही, उघडतही नाही. कालचं पंजाबी जेवण पोटात नुसतं बसून राहिलंय.

आता जेवणाला तरी किती बोल लावायचा? धुळ्याच्या टेलिफोन ऑफिसात जन्म काढलेल्या या चौघीजणी: रजनी, मंगल, ज्योत्स्ना आणि इंदू. निवृत्त झाल्या तरी महिन्यातून एकदा हायवेवरच्या त्या पंजाबी हॉटेलात जेवण ठरलेलं. मेनूकार्ड कुणी उघडायचं नाही. इंदू पदर खोचून सरळ भटारखान्यात शिरायची, पातेल्यांवरची झाकणं उचलायची, आचाऱ्याशी हुज्जत घालायची आणि काय ताजं आहे ते सांगून यायची. बाकीच्या तिघी हात धुऊन तयार!

फाल्गुनात इंदू गेली. काल तिघीच जमल्या. "तू सांग गं." "छे, तूच सांग, मला काहीही चालेल." "मलाही काहीही." अशी टोलवाटोलवी ऐकून ऐकून वेटर कंटाळला आणि सगळे घेतात तेच त्याने आणून ठेवलं. तिघी माना खाली घालून चिवडत बसल्या. इंदूचं नाव एकीनेही काढलं नाही. निघताना मंगल म्हणाली, "पुढच्या वेळचं बघू. कळवते मी." म्हणजे संपलं, हे काय रजनीला कळत नाही?

"सरक तिकडे," कुणीतरी म्हणतं.

रजनी सरकते. पलंगाचा हॉटेलातला बाक झालाय आणि शेजारी इंदू बसलीय. चष्मा दोरीने गळ्यात, कपाळाला घाम. रजनीला रडू येतं, पण आधी राग येतो.

"इंदे, होतीस कुठे मेले? काल आमचे काय हाल झाले!"

"ते राहू दे. जेवलात काय ते सांग."

"पनीरचं काहीतरी होतं."

"चव कशी होती?"

"लाल होती भाजी."

"रंग विचारला का मी तुला?" इंदू खेकसते. "गोड होती? आंबट होती? कसुरी मेथी घातली होती की नाही?"

रजनी आठवून आठवून दमते. काहीच आठवत नाही. टेबलाचा आता टेलिफोन ऑफिसातला कॉल जोडायचा बोर्ड झालाय, दिवे लुकलुकताहेत, आणि इंदू कानाला यंत्र लावून वाट बघतेय. तिकडून एक अक्षर येत नाही.

"तिघी जेवलात आणि एकीलाही चव सांगता येईना? कमाल झाली तुमची!"

"तू नव्हतीस ना गं. घास फिरत होता तोंडात."

इंदू यंत्र काढून ठेवते. तिचा आवाज एकदम खाली येतो. "मला आता भूक लागत नाही, रजू. बाकी तिकडे सगळं ठीक आहे. पण भूक नाही. कधीच नाही."

जन्मभर जिभेचे चोचले पुरवलेली बाई ही! रजनी इंदूचा हात धरते. हात गार नाही, गरमही नाही.

"मग ये ना परत. सगळं तूच मागव."

"वेडी आहेस का? मला येता आलं असतं तर काल आले नसते?" इंदू उठते. "चल."

बोर्डामागे दार आहे आणि दारामागे तंदूर. आचारी कुठे दिसत नाही. पण तंदूर धगधगतोय.

"मी नाही बाई आत जाणार," रजनी अडून बसते. "मी गेले तर तुझी जागा मीच घेतली असं होईल. मग तू खरंच गेलीस."

"मी खरंच गेलेय गं," इंदू म्हणते, लेकराला सांगावं तसं. सळईने एक रोटी ओढून काढते, वाफाळता तुकडा तोडते. "आ कर. आणि नीट चाव. गिळू नकोस नुसती."

रजनी आ करते. चटका बसतो, डोळ्यांत पाणी येतं.

"सांग," इंदू पुढे वाकून विचारते. तिचे डोळे अगदी भुकेल्या माणसाचे. "सांग ना, कशी आहे?"

रजनी बोलायला जाते आणि जागी होते.

पंखा फिरतोय. खोलीत कुणी नाही. उशी भिजलीय. पुन्हा डोळे मिटून बघते, दार सापडत नाही. रजनी जीभ टाळूला लावते आणि कळवळते. टाळूची साल निघालीय, चांगली भाजलीय. सकाळपासून तिने गार दुधाखेरीज काही तोंडात घातलेलं नाही.

ती उठून बसते. पुन्हा एकदा जीभ फिरवते, सावकाश, विसरून जाऊ नये म्हणून.

"मीठ कमी होतं, इंदे," ती रिकाम्या खोलीत मोठ्याने सांगते. "पण कडा खरपूस होत्या. आणि गरम होती गं. खूप गरम होती."