पुराच्या दिवशी पाठवलेला फोटो

मी लोकांची कुत्री-मांजरं सांभाळते. माणसं गावाला जातात, मी त्यांच्या घरी जाऊन जनावरांचं खाणंपिणं, औषधं, फिरवणं बघते. पनवेलला हे काम सुरू केलं तेव्हा सगळे नातेवाईक फिदीफिदी हसले होते, म्हणून मी जरा जास्तच ऐटीत करायचे. ऑनलाइन कोर्स केला, फॉर्म छापून घेतला. फॉर्मच्या मागे ठळक मथळा: आपत्कालीन योजना. आग लागली तर काय, पाणी भरलं तर काय. खाली एक रकाना होता, जवळ राहणाऱ्या आणि किल्ली असलेल्या दुसऱ्या व्यक्तीचा. प्रत्येक घराच्या फॉर्मवर त्या रकान्यात मी माझाच दुसरा नंबर टाकला होता. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "मी आहे ना!" काय ती मिजास!

शिवाय रोज दोन फोटो. आमच्या कामात फोटो म्हणजे हजेरी. सकाळी एक, दुपारी तीनला एक. तो आला की मालक निर्धास्त.

गाढी नदीजवळ तळमजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. सगळे त्यांना बाईच म्हणतात. त्या लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला गेल्या आणि त्यांचा म्हातारा कुत्रा माझ्यावर सोपवला. त्याचे मागचे पाय अधू होते, पण हळूहळू चालायचा. वरच्या मजल्यावर उरणच्या कोळी घरातल्या एक मावशी भाड्याने राहायच्या, पावसाळ्यात सुकट-बोंबील विकायच्या. त्या दिवशी सकाळी मी निघाले तर त्या जिन्यातच उभ्या.

"आज भरती मोठी हाय गो. वरून पाऊस थांबत नाय. कुत्र्याला वर दे माज्याकडं."

मी फटकन म्हटलं, "मालकांच्या लेखी परवानगीशिवाय मी जनावर कुणाच्या हातात देत नाही." नियम तसा आहेच, खोटं नाही. पण बाईंना एक मेसेज टाकला असता तर दोन मिनिटांत परवानगी आली असती. मी टाकला नाही, कारण मला मावशींच्या घरातल्या सुक्या मासळीचा वास नको होता आणि त्यांनी मला माझं काम शिकवलेलंही नको होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तिथून मी ओवे गावात गेले, दोन मांजरांकडे. दुपारी परत निघाले तर रस्त्यावर गुडघाभर पाणी. स्कूटर बंद पडली, ती ढकलत एका दुकानाच्या पायऱ्यांशी आणली. तीन वाजले. बाईंचा मेसेज आला, "पाऊस फार आहे म्हणतात. बाळ कसं आहे?" कुत्र्याला त्या बाळ म्हणायच्या.

तेव्हा खरं लिहायला हवं होतं. मी अडकले आहे, वरच्या मावशींना फोन करा, एवढंच. पण हिला वेळेवर पोचता येत नाही, असं त्यांना वाटेल, चार जणांत सांगतील. मग मोबाइलमधला आदल्या दिवशीचा फोटो काढला, चटईवर जीभ काढून बसलेला, आणि पाठवून दिला. खाली लिहिलं, "जेवलाय. मजेत आहे." अर्ध्या तासात पोचतेच, असा माझा हिशेब. पोचायला साडेपाच वाजले.

तळमजल्याचं दार उघडं, लॅच तुटलेलं, आत मांडीभर पाणी. मी हाका मारत वर धावले. कुत्रा मावशींच्या घरात चादरीत गुंडाळलेला, थरथरत होता. मावशी त्याचे पाय चोळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"तीनलाच मी दार फोडाय निघाले व्हते. बाईंना फोन केला. त्या म्हनाल्या, नको नको, ती आत हाय, आताच फोटो आयलाय. मी दार वाजवलं. कोन बोलंना. सकाळी तू माज्यावर वसकन आलीस, वाटलं मुद्दाम उघडत नाय. आले वर. मंग तो रडाय लागला, तवा नाय राहावलं."

मधे तासभर गेला होता. त्या तासात तो पुढचे पाय दिवाणावर टाकून मागच्या पायांवर पाण्यात उभा होता. सरकून वर चढायची ताकद त्याच्यात नव्हती.

इतक्यात बाईंचा व्हिडिओ कॉल. मी उचलला आणि मावशींच्या देखत सांगितलं, फोटो काढून स्कूटर उंचावर लावायला गेले, ती तिकडेच अडकले. बाई रडत म्हणाल्या, "तीनपर्यंत तू जवळ होतीस म्हणून वाचला गं." मी "हो बाई" म्हटलं. मावशी उठून आत गेल्या.

कुत्रा जगला. मागचे पाय मात्र कायमचे गेले. डॉक्टर म्हणाले, आधीच अधू होते, त्यात थंडी आणि ताण.

बाई परत आल्यावर आठवडाभर मला घास गोड लागेना. शेवटी गेले. त्या त्याच्या पोटाखालून पंचा घालून, मागचा भाग उचलून त्याला अंगणात चालवत होत्या. पंच्याचं एक टोक मी धरलं आणि सगळं सांगून टाकलं. आदल्या दिवशीचा फोटो, ओव्याचा रस्ता, कॉलवरची थाप. वाटलं, ओरडतील, हाकलून देतील, मीही सुटेन एकदाची.

त्या ओरडल्या नाहीत.

"म्हणजे वरची ती दार फोडायला निघाली तेव्हा आत कुणीच नव्हतं," त्या म्हणाल्या, "आणि तिला मी थांबवलं."

"तसं नाही हो बाई, चूक माझी..."

"मीच नको म्हटलं तिला. दोनदा म्हटलं."

मी माझ्या डोक्यावरचं उतरवायला गेले होते, ते त्यांच्या डोक्यावर ठेवून आले. हे मला आधी सुचलंसुद्धा नव्हतं. तेव्हाही माझा विचार माझ्यापुरताच होता. बाईंनी माझ्या हातातलं पंच्याचं टोक काढून घेतलं आणि दोन्ही टोकं एकट्याने उचलून धरली. मी पुढे झाले तर त्या कुत्र्याला म्हणाल्या, "चल बाळा. माझं चुकलं रे."