कुसुमबाईंचा अडलेला डाव

फरशी पुसताना फिनाईलचा वास आला की मी आजही वर्ध्याच्या त्या दवाखान्यात जाऊन पोचते. १९७८ साली, अठराव्या वर्षी, छातीच्या दुखण्यानं मी तिथं तीन महिने होते. शेजारच्या खाटेवर आष्टीकडच्या शाळेतल्या कुसुमबाई होत्या. दुपारी त्या चादरीवर पत्त्यांच्या सात रांगा मांडून एकट्याच खेळत. तो डाव त्यांनी मला शिकवला. लालावर काळं, काळ्यावर लाल, आणि मोकळ्या जागी फक्त राजा.

"वर पानं चढवाची घाई नोको करू पोरी," त्या म्हणायच्या, "आधी झाकलेली उघडजो."

ऑपरेशनच्या सकाळी त्यांचा डाव अडला होता. स्ट्रेचर आल्यावर म्हणाल्या, "मोडू नोको. आल्यावर पाहतो."

त्यांना आत नेलं आणि मला चाल दिसली. इस्पिकची राणी बदामच्या राजावर ठेवली की खालचं पान उघडत होतं. मी हात लावला नाही. त्यांना सांगायचं म्हणून दाराकडे बघत बसले. इतकी सोपी चाल त्यांना दिसली नसेल, हे आज मला पटत नाही. परत येण्यासाठी काहीतरी बाकी असावं, म्हणून त्यांनी ती राखून ठेवली असेल.

संध्याकाळी त्यांचा भाऊ एकटाच आला, त्यांची पिशवी न्यायला. रडून त्याचे डोळे सुजले होते. चादरीवरचे पत्ते बघून त्यानं विचारलं, "कोन जिंकलं?"

तो डाव एकट्याचा असतो, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"बाई," मी म्हणाले.