मुखवटेवाल्याची उलटतपासणी

चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायचा, मान खाली, डोळे वर, आणि अगदी गोड आवाजात विचारायचं, "आधी काय म्हणाला होतात?" आमच्या वकीलसाहेबांनी हा प्रश्न नगरच्या कोर्टात किती साक्षीदारांना विचारला असेल त्याला गणती नाही. पण तो त्यांनी कोथिंबीरवालीला विचारला, सिटी बसच्या कंडक्टरला विचारला, आणि जेवणाच्या ताटावर स्वतःच्या सासऱ्यांनाही विचारला. असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल आणि तुम्ही त्याला हसत असाल. मी त्यांच्या ऑफिसात टायपिंगला होते, मला हसू येत नसे. सकाळी डोकं दुखतंय म्हटलं आणि दुपारी मान दुखतेय म्हटलं, की आलाच चष्मा खाली.

अशा माणसाचा जीव कशावर असावा? तर एका सिनेमातल्या मुखवटेवाल्यावर. तोंडाला मुखवटा, पाठीवर फडफडणारं कापड, गच्चीवरून उडायचं आणि अडल्यानडल्याला सोडवायचं, एवढाच त्याचा धंदा. साहेब पन्नाशीचे, टक्कल पडलेलं, मधुमेह असलेले. पण त्या सिनेमातले संवाद त्यांना कायद्याच्या कलमांसारखे पाठ होते.

मग काही वर्षांनी, नगरमध्ये पेजर नवेनवे दिसू लागले होते त्या सुमाराला, त्याचा दुसरा भाग लागला. हा म्हणे पहिल्याच्या आधीची गोष्ट सांगणारा. मुखवटा घालण्यापूर्वी तो कोण होता, कसा होता वगैरे. साहेबांनी शनिवारी ऑफिसला कुलूप लावलं आणि कारकुनाला नि मला घेऊन थेटर गाठलं.

इंटरव्हलला बाहेर आले ते लालबुंद होऊन. हातात खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी तशीच. "बाई, पहिल्या सिनेमात हा रडून सांगतो की मी बापाचं तोंडसुद्धा पाहिलं नाही. आणि इथं बाप त्याला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवतोय! ही काय चेष्टा आहे?" मग भुवईवरचा व्रण डावीकडून उजवीकडे कसा गेला ते झालं. खलनायक पहिल्यात म्हणतो की तुला आजच पाहतोय, आणि इथं दोघं एका बाकावर शाळा शिकलेत, तेही झालं. गोष्ट वीस वर्षांमागची आणि इन्स्पेक्टरच्या कमरेला पेजर! हे पाहून तर त्यांना घाम फुटला. सोमवारी निर्मात्याला कायदेशीर नोटीस काढायची म्हणून मला मजकूर सांगायला लागले. मी टाइपरायटरवर कव्हर घातलं.

आणि पुढच्या शनिवारी हा गृहस्थ पुन्हा त्याच सिनेमाला! त्याच्या पुढच्याही शनिवारी. येऊन पुन्हा तोच संताप, वर एखादी नवी चूक सापडलेली. मी वैतागून म्हटलं, एवढा राग येतो तर जाता कशाला? तर म्हणाले, तो गच्चीवरून पहिली उडी मारतो ना, तेव्हा मी अजून खुर्चीतून अर्धा उठतो. कप्पाळ माझं!

त्याच दिवसांत एक केस चालू होती. तिसगावच्या बाजूच्या एका वस्तीवरची बाई. दर वर्षी ऊसतोडीला जाणारी. तिच्या विशीतल्या पोरावर आळ होता की त्याने एका बागायतदाराच्या कडब्याची गंजी पेटवली. पोराने मजुरीवरून त्याला चारचौघांत उलटं उत्तर दिलं होतं, खरा राग तो होता. पोर कित्येक महिने आत होतं. त्या संध्याकाळी ते घरात होतं, हे सांगणारी एकटी त्याची आई.

आपल्या बाजूची साक्षीदार म्हणून आधी साहेबांनीच तिला प्रश्न विचारले, म्हणजे सरतपासणी घेतली. ती म्हणाली, दिवेलागणीला मी भाकरी थापत होते, पोरगं ओट्यावर पडलं होतं. तेवढ्यात कोर्टाची वेळ संपली. उलटतपासणीला पुढची तारीख पडली ती दिवाळीनंतरची. बाई थेट उसाच्या फडावरून आली, हातापायांवर पाचटाचे ओरखडे घेऊन. या वेळी म्हणाली, मी पाण्याचा हंडा उतरवत होते, पोरगं आत तापानं फणफणलं होतं.

सरकारी वकील कधीकाळी आमच्याच साहेबांचे शिष्य. त्यांनी चष्मा नाकावर घेतला आणि गुरूचाच प्रश्न गुरूच्याच साक्षीदाराला विचारला.

बाई गोंधळली. मग म्हणाली, "दोनी खरं हाय, साहेब. पानी बी आनलं, भाकरी बी केल्या. त्यो आत हुता का भाईर, ते आता न्हाई ध्यानात. पन घरात हुता."

कोर्टात लोक हसले. मला आजही त्या हसण्याचा राग येतो. पोराचं आयुष्य टांगणीला लागलंय आणि यांना हंडा आणि भाकरीत गंमत वाटते!

ऑफिसात आल्यावर साहेब खुर्चीत कोसळल्यासारखे बसले. म्हणाले, गेली केस. बाईनं घात केला. माझ्यासमोर असा साक्षीदार आला असता तर मी पाच मिनिटांत संपवला असता.

झालं, माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "साहेब, त्या मुखवटेवाल्यानं न पाहिलेला बाप जत्रेत फिरतो ते तुम्हाला चालतं. दर शनिवारी पैसे देऊन चालतं. आणि ह्या माउलीनं भाकरीच्या जागी हंडा सांगितला तर ती खोटी?"

कारकून घाबरून बाहेर गेला. साहेबांनी केसची फाइल पुन्हा पुढ्यात ओढली. मला वाटलं, गेली आपली नोकरी.

युक्तिवादाच्या दिवशी ते उभे राहिले तेव्हा चष्मा खिशात होता. बागायतदाराच्या तीन माणसांनी साक्ष दिली होती की पोराला पळताना पाहिलं. साहेबांनी त्या तिन्ही साक्षीदारांची वाक्यं एकापुढे एक म्हणून दाखवली. तोच निळा सदरा, तोच बांध, तोच 'पाठीमागे वळून पाहत पाहत'. एका शब्दाचा फरक नाही. मग म्हणाले, "महाराज, मी तीस वर्षं विसंगती शोधत आलो. आज मला ह्या जुळण्याचीच भीती वाटते. पाठ केलेलं जुळतं. भोगलेलं माणसाला दर वेळी नव्यानं आठवतं, त्यात हंडा पुढंमागं होतो. ही आई दोनदा वेगळं बोलली, पण पोराला तिनं एकदाही घराबाहेर जाऊ दिलं नाही." कोर्टात कुणी हसलं नाही. पोरगं सुटलं.

त्यानंतर साहेब सुधारले असं मात्र समजू नका. तो सिनेमा नगरमधून उतरेपर्यंत त्यांनी पाहिला आणि उतरेपर्यंत शिव्या घातल्या.

पुढं मधुमेहानं पाय गेला, मग किडनी, आणि एका उन्हाळ्यात ते गेले. वय काही जायचं नव्हतं. वकिलांनी बाररूममध्ये शोकसभा घेतली. मोठमोठ्यांनी भाषणं केली, कागदावर लिहून आणलेली, सगळ्यांची सारखीच. अजातशत्रू, न भरून येणारी पोकळी. मी मागच्या बाकावर बसून दात-ओठ खात होते. अजातशत्रू म्हणे! अर्ध्या नगरशी भांडले होते ते.

दारात ती बाई उभी होती, पोराला घेऊन. कुणीतरी तिला दोन शब्द बोल म्हणालं. तिनं पदर सावरला. म्हणाली, साहेब त्या दिवशी लई रडले जजासमोर. भर पावसात अनवाणी आले हुते, हातात छत्री बी न्हवती. जजाला म्हनले, हिचं पोरगं त्ये माझं पोरगं.

रडले नव्हते. पाऊस नव्हता. अनवाणी तर ते घरातही चालत नसत. आणि ते वाक्य त्यांनी कधी उच्चारलंच नव्हतं, त्या दिवशी मी समोरच बसले होते.

शेजारचा ज्युनिअर वकील माझ्या कानाशी लागून म्हणाला, असं काही झालं नव्हतं ना हो?

मी म्हटलं, "गप बस. ती खरं सांगतेय."