धुक्यातली थाळी

बोईसर स्टेशनवर आईने निरोपाचा शब्द काढला नाही. सुक्या बोंबलांच्या पिशवीत आपली पितळेची थाळी तेवढी कोंबली. मी म्हटलं, "आई, तवांगला दर्या नाय."

"धुकं तर हाय ना?" ती म्हणाली. गाडी हलली तरी तिने हाक मारली नाही. निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत.

घिवलीकरांनो, तुम्हाला सांगायला नको. धुकं पडलं आणि होड्या आल्या नसल्या की आपल्या बायका किनाऱ्यावर थाळ्या वाजवतात आणि होड्या त्या आवाजाच्या रोखाने घरी येतात. "मानूस दिसेस्तोवर हात थांबवायचा नाय," आई म्हणायची.

इथे तवांगला नवरा पर्यटकांची गाडी चालवतो, मी हॉटेलच्या किचनमध्ये. पर्यटक या गावाला स्वर्ग म्हणतात. म्हणोत बापडे, त्यांच्या खिशात परतीचं तिकीट असतं. समोरच्या डोंगरापलीकडे सीमा. जमीन कुणाची यावर दोन देश भांडतात आणि डोंगर गप्प असतात. घिवलीत दर्या दिवसभर बडबडतो. इथली शांतता मात्र कान देऊन ऐकत बसल्यासारखी वाटते. मला तिची भीती वाटते, अजूनही.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी गाडी वरच्या वळणावर बंद पडली. पर्यटकांना दुसऱ्या गाडीत बसवून पायी निघाल्याचा नवऱ्याचा फोन आला आणि धुकं उतरलं. वाटेच्या कडेला सरळ दरी. मी थाळी घेऊन गच्चीवर धावले आणि वाजवत सुटले. आवाज डोंगरांवर आपटून चहूकडून परत आला, सीमेपलीकडूनही. तेव्हा चूक उमगली. दर्या आवाज परत करत नाही, डोंगर करतात. नवरा कुठल्या थाळीमागे जाईल? मी थाळी खाली टाकली.

सगळे आवाज विरले. एक उरला. संथ, एका लयीत, खालच्या रस्त्याकडून. थाळी माझ्या पायाशी पडलेली होती.

बऱ्याच वेळाने नवरा आला. "आदी चारी बाजूंनी वाजत होती," तो म्हणाला. "मंग एकच रायली, तिच्यामागं आलो. तू थांबली असतीस तर गेलोच होतो." मी चहा ठेवला.

संध्याकाळी आईला फोन केला. यातलं काहीच सांगितलं नाही. तीच म्हणाली, "दुपारपासून हात लय दुकतो गो. कशान ते कळत नाय."

घर कुठलं, असं पर्यटक विचारतात. मी घिवली सांगते आणि विषय बदलते. थाळी आईला परत पाठवायची होती, ती राहूनच गेली. आता पाठवणारही नाही. तिला ती लागत नाही.